बारावं नाव

अर्जाला बारा नावं लागतात.
माझ्याकडे अकरा आहेत,
आणि त्यातलं एक लक्षिता गावसचं,
जिची आई अजून हो म्हणालेली नाही.

डिचोलीच्या आमच्या कॉलेजात
फुटबॉलसाठी दोन जाळ्या आहेत, एक बस,
आणि रोमाल्डो सरांची शिट्टी.
कुस्तीसाठी मी आहे
आणि माझ्या वहीचं मधलं पान.

सर म्हणाले, "बाये, हांगा कुस्ती कोण पळयतलो?
तें घाटावयलें."
मी म्हणाले, सर, मीही अर्धी घाटावरचीच.
बाबा चंदगडहून उतरला
खनिजाचा ट्रक चालवायला,
येताना आणले फक्त दोन मोडलेले कान.
खाण बंद झाली तेव्हा ट्रक उभा राहिला;
आता त्याच्या टपावर आमची पापडं वाळतात.
बाबा उभा राहिला नाही. बसला.
सात वर्षं बसलाय.

मी सह्या मागत निघाले.
रुझारिननं तारले बाजूला सारून सही केली,
कागदाला एक खवलं चिकटलं.
मी ते काढलं नाही.
पोदेर सायकलवरून न उतरता म्हणाला, "पोरींनाही?"
पोरींनाच आधी, म्हटलं,
पोरांना काय, ते दिवसभर एकमेकांच्या मानेवरच असतात.
देवळाच्या कमिटीचे सावईकर म्हणाले, "लंगोट?"
नाही काका, सिंगलेट.
"म्हणजे लंगोटच, फक्त इंग्रजीतला."
धीरयो बघायला चोरून जाता ना तुम्ही,
शिंगात शिंग अडकेपर्यंत श्वास धरून?
ते हसले. सही मात्र पेन्सिलीनं केली,
खोडता यावी म्हणून.

प्राचार्या मॅडमनी मॅटची किंमत
कॅल्क्युलेटर फिरवून मला दाखवली.
शून्यं मोजता मोजता मी म्हणाले,
मातीला काही पडत नाही.
त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं,
बराच वेळ.
"गोलपोस्टच्या मागे," म्हणाल्या, "दक्षिणेचा कोपरा.
लेखी काही मागू नकोस."

रात्री बाबाला सांगितलं.
तो म्हणाला, ही माती नव्हे गं, हा धातू.
ही माणसाला झेलत नाही, सोलते.
आणि पहाटे पाचला
परसातल्या वेलाखालून ओढून काढली त्यानं
खाणीतली चाळणी,
गंजलेली, माझ्याहून उंच.
हिच्यातून डोंगर गेला बोटीत, म्हणाला.
बघू, मागं काय राहिलंय.

तेव्हापासून आम्ही चाळतोय.
खडे एका बाजूला, मऊ ते खड्ड्यात.
तेल, ताक, हळद, लिंबू.
आमसूल नको, बाबा म्हणतो, हरलेल्याचा डाग जाणार नाही.
तो वाकतो तेव्हा त्याचे गुडघे वाजतात
आणि तो ते ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

काल प्रॅक्टिस संपल्यावर सर आले,
काखेत चेंडू.
माती तांबडी, त्यांचे बूट पांढरे.
काही बोलले नाहीत.
चेंडू खाली ठेवला,
चाळणीचं दुसरं टोक धरलं.
सही केलेली नाही त्यांनी अजून.
जाताना एवढंच विचारलं,
पन्नास किलोखाली कोण आहे तुझ्याकडे.

आणि आज, कुणी बोलावलेलं नसताना,
लक्षिताची आई.
साडीचा ओचा धरून कडेवर उभी,
मूठभर माती उचलली, हुंगली,
बाबाच्या कानांकडे पाहिलं, मग माझ्या.
"कपडे कोण धुणार?" म्हणाली,
आणि गेली.

मंगळवार शेवटची तारीख.
अकराव्या नावापुढचं प्रश्नचिन्ह
मी खोडलं नाही,
पण पेन्सिलीनं थोडं फिकट केलं.
बारावी ओळ कोरी आहे.
खवल्याच्या जागी कागद अजून
जरासा चमकतो.